जोडीने लावायचा बिल्ला

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. दुपार. पनवेलची ज्यू दफनभूमी. हजर : आमच्या शाळेच्या प्रिन्सिपल सिस्टर बेनेडिक्टा, त्यांच्यासोबत आणखी दोन सिस्टर, जवळजवळ सगळे शिक्षक, शिपाई रमेशमामा, दहावीचे हेड बॉय आणि हेड गर्ल गणवेशात, बरेच माजी विद्यार्थी, मिल्काच्या शेजारच्या नसरीनभाभी आणि त्यांचे यजमान, सिनेगॉगमधले नऊ पुरुष. गैरहजर : मिल्काचा भाऊ, कारण इस्राएलमधल्या अश्दोदहून इतक्या लवकर पोहोचणं शक्यच नव्हतं, आणि पेणहून निघालेले एक काका, जे पळस्प्याला वाहनांच्या रांगेत अडकले होते.

हजेरी घ्यायची सवय जागा बघत नाही. सकाळी नसरीनभाभींचा फोन आला, "मॅडम, मिल्काआपा गेल्या हो... चहा घेऊन गेले तर..." तेव्हापासून मी कुणाला कळवलं, कुणाला नाही, एवढंच बघत होते. दफनभूमीत आल्यावर कळलं की मृतासाठी म्हणायची त्यांची प्रार्थना दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. पूर्वी पनवेलमध्ये हा प्रश्न पडत नसे म्हणे. आता घरंच्या घरं इस्राएलला गेली. मी दोनदा मोजलं. आम्ही एवढी माणसं उभी होतो आणि तरी एक कमी होता. शिवाय शुक्रवार, सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू, त्याआधी सगळं आटपायला हवं. मी पेणच्या काकांना फोन लावून सांगत होते, गाडी तिथेच सोडा, कुणाच्या तरी दुचाकीवर बसा. हेड गर्लने हळूच विचारलं, "मिस, आपण आहोत ना इतके जण. चालत नाही का?" शेजारी उभे असलेले सिनेगॉगमधले एक आजोबा तिला म्हणाले, "बाळा, तुम्ही आलात हे मोठंच आहे. पण ही प्रार्थना एकट्यादुकट्याने म्हणायची नसते. म्हणणारा फार एकटा पडतो." तेवढ्यात काका एका अनोळखी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले, आणि हेल्मेट काढता काढता दुसऱ्या हाताने खिशातली टोपी डोक्यावर ठेवत धावले. मिल्का असती तर तोंडाला पदर लावून हसली असती, आणि मी डोळे वटारले असते.

मिल्का झिराडकर आमच्या कॉन्व्हेंट शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायची, मी गणित. पण शाळेत आम्हाला ओळखत ते स्टुडंट कौन्सिलच्या दोघी म्हणून. जूनमध्ये हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन आणि प्रीफेक्ट निवडायचे, त्यांना बिल्ले लावायचे, वर्षभर त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, दहावीची परीक्षा झाली की बिल्ले परत घ्यायचे, आणि एप्रिलमध्ये वर्षअखेरच्या समारंभात त्यांचा गौरव करायचा. हे सगळं आम्ही दोघींनी इतकी वर्षं केलं की नोटीस बोर्डावर एकीचं नाव लिहिलं तर लोक दुसरीची प्रकृती विचारत.

कामाची वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप झाली होती. कागद माझे, मुलं तिची. परिपत्रक तिच्या हातात दिलं की ते कुठल्या तरी वहीत शिरून कायमचं नाहीसं व्हायचं. तिच्या खांद्यावर नेहमी खडूची भुकटी, आणि पर्समध्ये कुणाकुणाचे जप्त केलेले पेन. मला ती 'यादीबाई' म्हणायची. "यादीबाई, आज मी काय विसरलेय?" हा तिचा सकाळचा नमस्कार. शनिवारी ती शाळेत यायची, पण पेन हातात धरायची नाही. बाकी कर्मठपणा तिच्यात फारसा नव्हता, पण शब्बाथला लिहायचं नाही हे आईने सांगितलेलं तिने पाळलं. शनिवारचे इतिहासाचे तास ती गोष्टी सांगून घ्यायची आणि तिच्या वर्गाची हजेरी मी लिहायचे. सिस्टर एकदा मला म्हणाल्या होत्या, "ज्यू बाईचा नेम, ब्राह्मणाचं अक्षर, आणि कॅथलिक शाळेचं रजिस्टर. वर कुणाला हिशेब द्यायचा ते तुम्हीच ठरवा." सिस्टर वसईच्या, चेहरा न हलवता विनोद करतात.

आमच्या शाळेत आज जी पद्धत आहे, ती मिल्काने एका मुलीमुळे सुरू केली. प्राजक्ता नावाची कामोठ्याची मुलगी त्या वर्षी हेड गर्ल होती. हुशार, वक्तशीर, आवाज खणखणीत. माझ्या दृष्टीने याहून चांगली निवड शक्यच नव्हती. ऑगस्टमध्ये एक दिवस ती बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली; म्हणाली, अभ्यासाला वेळ मिळत नाही. मी म्हटलं ठीक आहे, आपल्याकडे पुढचं नाव तयार आहे. मिल्का तिथेच वह्या तपासत होती. ती म्हणाली, "यादीबाई, ती पोरगी डबा कुठे खाते माहितीय तुला?" मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. "पाण्याच्या टाकीमागे. एकटी. उशिरा आलेल्यांची नावं लिहिते ना ती? त्यात तिच्याच मैत्रिणी निघाल्या. बिल्ला लावला की मूल एकटं पडतं गं. आपण त्याला लीडरशिप म्हणतो आणि टाळ्या वाजवतो."

त्या दिवशी तिने ठरवलं की कौन्सिलमधलं कुठलंही काम कुणी एकट्याने करायचं नाही. गेटवर दोघं, ग्रंथालयात दोघं, असेंब्लीला दोघं. आणि वर्षअखेरीला स्टेजवर आपलं काम आपण सांगायचं नाही, ते जोडीदाराने सांगायचं. बिल्ला मिल्काने प्राजक्ताला परत नेऊन लावला, आणि मी जोड्या लावल्या. हेड गर्लबरोबर अर्थातच हेड बॉय. तो रोहन, करंजाड्याकडच्या आगरी घरातला, फुटबॉलचा कॅप्टन. त्याला सगळी शाळा मित्र मानायची. त्याची आणि प्राजक्ताची बोलाचाल बंद आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिल्काला माहीत होतं. "राहू दे," ती म्हणाली. "वर्षभर न बोलता एकमेकांकडे बघतील तरी."

एप्रिलच्या समारंभात पाहुणे, पालक, बिशप हाउसमधून आलेले फादर, सगळे समोर बसलेले. रोहनने इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. दोन वाक्यं झाली आणि पुढचं गेलं. मी पडद्याआडून कागद पुढे करायला निघाले. मिल्काने माझा हात धरून ठेवला. मग तो पोरगा मान खाली घालून घरच्या बोलीतच बोलला. "ही प्राजक्ता. लय कडक हाय. आमाला कुनालाच आवडत नव्हती, खरा सांगतो. पन त्या दिवशी पानी भरला, लहान पोरा गेटवर अडकली, तवा शेवटची रिक्षा जाईपर्यंत ही उभी व्हती. मी घरी गेलतो. हेड बॉय मी हाय, पन उभी ही व्हती." मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "सॉरी गं." टाळ्या बऱ्याच उशिराने आल्या. प्राजक्ताला त्याच्याबद्दल बोलायचं होतं, ती नुसती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ट्रॉफ्या, टक्केवाऱ्या, शंभर टक्के हजेरीची प्रमाणपत्रं मी इतक्या वर्षांत किती वाटली. त्यातलं कुठलंही मला आता डोळ्यांसमोर आणता येत नाही. ते भाषण येतं.

दुसऱ्या दिवशी मिल्का मोठ्या डब्यातून मलिदा घेऊन आली. पोहे, नारळ, साखर, वेलची, खजूर. समारंभ पार पडला की ती दरवर्षी करायची. त्यांच्याकडे मनातलं पूर्ण झालं की करतात. स्टाफरूममध्ये वाटी हातात देताना म्हणाली, "आता नियमाप्रमाणे माझं काम तू सांग, तुझं मी सांगते." मी म्हटलं, खा गप. मग दरवर्षी ती तेच म्हणायची आणि मी तेच उत्तर द्यायचे. यंदा तिचं मी सांगतेय... या पानावर.

तिचा भाऊ, वहिनी, भाच्या सगळे अश्दोदला. आई होती तोवर आईसाठी राहिली असं आम्ही समजत होतो. आई गेली, तरी ती राहिली. एकदा सरळ विचारलं, तर म्हणाली, "तिथे मी मराठीत रागावले तर घाबरणार कोण?" तिच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ती दिवे लावायची, एकटीच. कधी मी तिथे असले की म्हणायची, बस जरा, दोन माणसं असली की दिवा बरा दिसतो. मी बहुतेक वेळा बसायचे. माझ्याही घरी वाट बघणारं कुणी नाही; मुलगा बंगळुरूला, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. पण हे आम्ही कधी एकमेकींना बोलून दाखवलं नाही. कौन्सिलचं काम असायचं ना. नेहमी काहीतरी बोलायला असायचं.

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. आजार आधीपासून होता, तिने सांगितला उशिरा. जानेवारीत मी दर दोन-तीन दिवसांनी जायचे, औषधांच्या पट्ट्या वेळेप्रमाणे लावून ठेवायचे, डबे धुऊन ठेवायचे. शेवटचं भेटले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, आणि मी टेबल आवरत होते. एकदम म्हणाली,

"जोडीला कोण घेतलंस?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? तू येशील की जूनमध्ये."

"जूनचं सोड. नाव सांग."

"मिल्का, पाणी देऊ का?"

"एकटीने करायला जाशील तू," ती म्हणाली. "आणि चांगलं करशील. तेच वाईट आहे."

मी पाणी दिलं. ती प्यायली. मग रोहनचा विषय निघाला. तो आता द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे आणि त्याने तिला फोन केला होता. त्यावर ती हसली बराच वेळ. मी निघताना तिने पुन्हा विचारलं नाही.

आता एप्रिल जवळ आलाय. दहावीची परीक्षा संपली. मुलं समारंभाच्या तयारीला येऊ लागलीत, जोडीजोडीने, कुणी न सांगता. सिस्टरना नव्या वर्षाच्या कामवाटपात स्टुडंट कौन्सिलपुढे दोन नावं हवीत. मी एकच दिलं. त्यांनी बोलावून घेतलं.

"सुजाता, दुसरी जागा कोरी का?"

"सिस्टर, यंदा मी एकटी बघते. सगळं लिहिलेलं आहे, अडणार काही नाही."

"तुम्ही बघालच हो. तो प्रश्नच नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मिल्काने मुलांना काय शिकवलं, ते आपल्याला लागू नाही का?"

मी म्हटलं, दोन दिवसांत देते. त्याला आता दोन आठवडे झाले. दिलेला शब्द वेळेवर न पाळण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि सिस्टर विचारतही नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परवा शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बिल्ले काढून बसले. परत आलेले बिल्ले पुसायचे, वाकलेल्या पिना सरळ करायच्या आणि पदाप्रमाणे लावून ठेवायचे, म्हणजे जूनमध्ये धावपळ होत नाही. हे एकटीचं काम नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एकीने पद वाचायचं, दुसरीने ढिगातून तो बिल्ला शोधून कापडावर ठेवायचा. मी पद वाचलं, चष्मा काढला, बिल्ला शोधला, चष्मा लावला, तोवर वाचलेली ओळ हरवली. पुन्हा पहिल्यापासून. ब्लू हाउसचा कॅप्टन दोनदा लावला गेला. मिल्का अशा वेळी वाचताना प्रत्येक पदापुढे त्या वर्षीच्या मुलाची एक तरी भानगड सांगायची, आणि मी म्हणायचे, पुढचं वाच गं, पाच वाजले. आता पाचही वाजून गेले होते आणि स्टाफरूममध्ये फक्त पंखा चालू होता.

स्नेहा आत आली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे विज्ञानाला लागली. चांगली मुलगी आहे. वस्तू विसरते, मुलं तिच्यामागे फिरत असतात. पर्स घेऊन निघाली होती, ती दारातून परत वळली. माझ्या टेबलापाशी थोडा वेळ उभी राहिली.

"मॅडम, मी वाचू का? तुम्ही लावा."

मला 'वाच' म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला होता. मी म्हटलं, "नको गं, उशीर झालाय तुला. उद्या बघू."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी बिल्ले होते तसे कापडात गुंडाळून कपाटात ठेवले. काल ती स्टाफरूममध्ये होती, आजही होती, दोन्ही दिवस तिने एकदा कपाटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बिल्ले अजून लावायचे आहेत.