माझ्या बोलण्यातला हेल

गेल्या वर्षी बाहेरच्या एका विद्यापीठाने संशोधन सहायकाच्या जागेची जाहिरात काढली. प्रकल्प होता रत्नागिरी जिल्ह्यातल्या बोलींचा. माझी पीएचडी याच विषयातली. पार केळशीपर्यंत हिंडून मी माणसांचं बोलणं टिपलं आहे. इथल्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे कॉलेजला सुट्टी लागली की माझी नोकरीही संपते. जाहिरात वाचून वाटलं, ही जागा आपल्यासाठीच निघाली आहे.

मुलाखतीत माझ्या प्रबंधाबद्दल कुणी फारसं विचारलंच नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या बोलण्यात हेल फार आहे. चर्चासत्रात निबंध वाचायची वेळ आली तर कसं करणार?"

मी म्हणाले, "सर, प्रकल्प त्या हेलाचाच आहे ना?"

बाकीचे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. माझी निवड झाली नाही. कॉलेजातले सहकारी समजूत घालू लागले, की जयगडच्या बंदरात ऑफिसच्या कामाला माणसं घेतायत, तिकडे बघ. मला समजूत नको होती.

भातकापणी संपता संपता त्याच प्रकल्पातून फोन आला. निवड झालेली मुलगी रत्नागिरीत येणार होती, आणि जुनं बोलणारी एखादी वयस्क बाई तिला गाठून द्याल का, असं तिथला कारकून विचारत होता. माझा नंबर त्याने माझ्याच अर्जावरून घेतला होता. म्हणजे आमचं बोलणं त्यांना हवं होतं, फक्त ते बोलणारं माणूस पगारावर नको होतं. मी फोन ठेवणारच होते. आई शेजारीच बसली होती. म्हणाली, येऊ दे तिला.

आई गावात अंगणवाडी सेविका होती. मुलगी आली, नम्र होती. तिने रेकॉर्डर सुरू केला आणि आईला भातलावणीबद्दल सांगायला सांगितलं. आईने पदर नीट केला आणि सुरुवात केली, "लावणीपूर्वी जमिनीची योग्य प्रकारे मशागत करण्यात येते. त्यानंतर रोपांची निवड करण्यात येते."

मुलगी गोंधळली. तिने रेकॉर्डर बंद केला. "मावशी, असं नको. घरात बोलता तसं बोला ना."

"घरातलं बोलणं माझ्या मुलीनं तिथं नेलं होतं," आई म्हणाली. "तवा ते चाललं नाय. मग आता माझ्याकडनं कशाला पायजे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी झालेलं सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आम्हाला सांगितलं होतं, स्थानिक कुणी अर्जच केला नव्हता."

तोवर माझा राग त्या हेलावरच्या शेऱ्यावर होता. मी तिथे खुर्चीवर बसून उत्तरं दिली होती, आणि यांनी मला अर्जदारांतही मोजलं नव्हतं. आईने तिला चहा दिला, जेवून जा म्हणाली, पण बोलीतला एक शब्दही रेकॉर्डरला दिला नाही.

मी विद्यापीठाला लेखी कारण विचारलं. समितीचा निर्णय अंतिम असतो, एवढंच उत्तर आलं. आता त्याच प्रकल्पात पुन्हा एक जागा निघाली आहे आणि मी अर्ज केला आहे. आईला हे पटलेलं नाही. अशा माणसांच्या दारात परत जाऊ नये, असं तिचं म्हणणं. मी जाणार आहे, आणि बोलते तशीच बोलणार आहे.