रोशनीची रिकामी बरणी

श्रीमती पुष्पलता शमुवेल भालेराव. वय एकसष्ट. निवास उत्तर नागपूर. पूर्वीचा व्यवसाय: खापरखेड्याच्या वीज केंद्रात टंकलेखन. सध्याचा हुद्दा: रविवार शाळेच्या अध्यापिका, मानद. विषय: शास्त्रातील सुज्ञता, प्राण्यांच्या साहाय्याने. ओळखीची खूण: डाव्या तर्जनीवर सशाच्या दातांचा व्रण. ताब्यातील धोकादायक वस्तू अथवा प्राणी: निरंक. हे वर्णन चर्चच्या मंडळीच्या कमिटीने प्रमाणित केलेले आहे. कमिटी चुकत नाही. फार तर पुढच्या सभेत दुरुस्ती मंजूर करते.

पुष्पलताबाईंचं मत असं, की सुज्ञपणा सांगून कळत नाही, दाखवावा लागतो. शास्त्रात मुंगीकडे पाहा म्हटलंय, तर मुंगी हजर पाहिजे. म्हणून मुंगीच्या पाठाला वारुळाची माती आली, टोळाच्या पाठाला नाकतोडे आले, आणि राजवाड्यात राहणाऱ्या पालीच्या पाठाला कुणाच्या तरी न्हाणीघरातली पाल आली. प्राणी लोणच्याच्या बरणीत आणायचा, तोंडाला मलमल, वरून रबर. पाठ संपला की सोडून द्यायचा. दर रविवारी शेवटच्या प्रार्थनेनंतर बाई पुढच्या प्राण्याचं नाव सांगत आणि त्याच दमात म्हणत, "ज्याले जमलं त्यानं घेऊन या."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी प्राणी होता साप. सापाचं चातुर्य आणि कबुतराचा भोळेपणा एकाच माणसात कसा नांदवायचा, असा तो पाठ. बाईंच्या मनात मुलांकडून काळ्या मातीचे साप करून घ्यायचे होते. पण जिभेला वळण पडलेलं. "ज्याले जमलं त्यानं घेऊन या," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

पुढच्या रविवारी पोरं माती वळत बसली. सभागृहात ओल्या मातीचा वास, वर पंख्याची करकर. बाईंनी सवयीनं विचारलं, "काय रे, कोणी काही आणलं का?"

आठ वर्षांची रोशनी उठली. "मी आणलं, टीचर. मागं ठेवलं, अंधारात. त्याले उजेड आवडत नाही."

ती मागच्या सामानखोलीकडे पळाली आणि बरणी घेऊन सावकाश परत आली. मलमल एका बाजूनं लोंबत होती.

"आत्ताच तर होता," ती म्हणाली.

"काय होतं वं?"

"तुम्हीच तर सांगतलं होतं. साप."

पुष्पलताबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता आपण शास्त्रातले खडकावरचे ससे. सगळे बाकांवर चढा. पाय वर. जो खाली उतरला तो हरला." पोरांना हा खेळ फार आवडला. बाई स्वतः मात्र खालीच उभ्या राहिल्या, सामानखोलीच्या दारासमोर. त्या खोलीत मोडके बाक, आणि त्यांच्यामागे नाताळच्या गोठ्यासाठी राखलेला पेंढा.

बाईंनी फोन केल्यावर कमिटीचे सचिव बाबाराव आले. त्यांच्यामागून पियुष आला, मोहल्ल्यातला सर्पमित्र, हातात लोखंडी आकडा घेऊन. थोड्याच वेळात सभागृहातल्या बाजाच्या पेटीमागून त्यानं एक तपकिरी साप उचलला. "कवड्या आहे. बिनविषारी. पोरांनो, या, पाहा."

टाळ्या पडल्या. बाबारावांनी तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहिलं: साप आढळला, बिनविषारी, हस्तगत, सभागृह सुरक्षित. "पुष्पाबाई, पुढच्या रविवारी वाघाचा पाठ नका ठेवू," असंही ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

रोशनी बाकावरून वाकून पाहत होती. "हा माह्या नाही."

"काहून?" पियुषनं विचारलं.

"याच्या मानेवर पट्टे आहेत. माह्या काळा होता. डोक्याजवळ कोरा, शेपटीकडे पांढरे पट्टे."

पियुषनं पिशवीची गाठ आवळली. "तू हातानं धरला?"

"नाही दादा. बाबाच्या चपलेवर झोपून राहिला होता. काडीनं लोटला."

पियुष बाईंच्या जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काकू, ती मण्यार आहे. चावली तर दुखतही नाही पुष्कळदा. माणूस मच्छर समजून झोपून जाते." त्यानं सामानखोलीत बॅटरी मारली. "इथं उंदराची बिळं आहेत. असन, नसन. हा पेंढा कोण काढते?"

"मी. अन् ही पोरं. डिसेंबरात."

"हे बाक हलवा, मी आत्ताच पाहतो."

बाबारावांनी इतिवृत्ताकडे पाहिलं. "बाक मंडळीची मालमत्ता आहे गा. ठरावाशिवाय हलवता येत नाही. अन् साप तर सापडला, लिहून झालं. सही झाली."

"लिहिलेलं खोडा न मग," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"सभेत मांडू."

बाईंनी सामानखोलीला कुलूप घातलं. दाराखालच्या फटीत पोरांनी वळलेली मातीच कोंबली, मातीच्या सापांसकट. आता वर्ग अंगणात भरतो. शिकवताना बाई मुलांकडे तोंड आणि दाराकडे कान करून उभ्या असतात. सभेत विषय निघाला. सभागृह सुरक्षित असल्याची नोंद कायम करण्यात आली. नाताळच्या तयारीसाठी बाबाराव दोनदा किल्ली मागून गेले. "बाळ येशूले यंदा सतरंजीवर निजवा," असं उत्तर मिळालं. त्यांनी तिसऱ्यांदा मागितली नाही, आणि कुलूप तोडायलाही कोणी पुढे आलं नाही.

किल्ली बाईंच्या गळ्यात असते, क्रूसाशेजारी. पेंढा अजून कोणी हलवलेला नाही.