कुणाचीच हरकत नव्हती

माणसामाणसांत खरोखरीचं वैर असतं, हे माझ्या बायकोच्या मामांना मरेपर्यंत कुणी पटवून देऊ शकलं नाही. कुळगावात कुठे भांडण लागलं की हा गृहस्थ जेवणाचं ताट सारून धावायचा आणि मध्ये उभा राहून म्हणायचा, "तुम्हां दोघांना मान्य काय आहे, ते आधी सांगा." एकदा शेवग्याच्या झाडावरून भांडणाऱ्या दोन भावांनी, हा म्हातारा मूर्ख आहे, एवढं एकमताने सांगितलं. मामा खूश! "बघा, झाली की नाही सुरुवात?" उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात गेले की ओळखपाळख नसलेल्या बराकीत शिरून पाणी मागायचे आणि घरी येऊन मामींना सांगायचे, की सिंधी माणूस अगदी आपल्यासारखाच, फक्त पाण्याबरोबर पापड देतो. मामी त्यांना मुकाट्याने अंघोळीला पाठवायच्या.

मग त्यांनी विहिरीचं मनावर घेतलं. अस्पृश्यता कायद्याने गेली होती, पण गावाबाहेरच्या वस्तीतली सखूबाई अजून रिकामा हंडा घेऊन विहिरीपासून दहा पावलं लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. मामा महिनाभर घरोघर फिरले. आमच्या आळीने सांगितलं, "आमची हरकत नाही हो, पण शेतकरी मंडळी ऐकायची नाहीत." सांगणाऱ्यांत मीही होतो. शेतकऱ्यांचा म्होरक्या म्हणाला, "आमची काय ना नाय, पन बामनांना इचारा." बाजारातल्या सिंधी कापडवाल्याने हात जोडले, "साईं, हम तो कल के आए हैं. गाँव जो बोले." शहाण्याला यातून काय ते कळलं असतं. मामांना एवढंच कळलं, की कुणाचीच हरकत नाही! दुसऱ्या दिवशी ते सखूबाईला स्वतः विहिरीवर घेऊन गेले आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने पाणी शेंदलं.

दुपारी अख्खं गाव एका सतरंजीवर बसलं. शेतकऱ्यांनी विहीर उपसली, आमच्या आळीने मंत्र म्हटले, कापडवाल्याने नवा दोर फुकट दिला. इतकी एकी त्या गावात मी आधी पाहिली नव्हती, पुढेही नाही. संध्याकाळी सखूबाई मामांच्या दारात आली. "बाबा, आता वरनं वतायचं बी बंद केलं त्यांनी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या सकाळपासून मामा स्वतःच दोन कळशा भरून तिच्या दारी नेऊन ठेवू लागले. त्यांच्या हाताने विहीर बाटत नसल्यामुळे कुणी अडवलं नाही. सत्तरीचा माणूस, वाटेत तीनदा थांबायचा. मी तेव्हा ओसरीवर चहा पीत बसलेला असायचो. "मामा, जपून हो," असं मी रोज म्हणायचो. "एक कळशी द्या इकडे," असं एकदाही म्हणालो नाही.