ताप कधी आला, तेवढं सांगा

आरोग्य कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. त्या खोलीत नोंदणीच्या बाई तेहतीस वर्षं बसल्या. त्यांना रीतसर नाव होतं, पण ते हजेरीच्या रजिस्टरपुरतं. शहरात सगळे त्यांना तारीखबाईच म्हणत.

कारण उघड होतं. कोणी आजाऱ्याचा फॉर्म घेऊन आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताप कधी आला?" नाव नंतर, पत्ता नंतर. समोरचा म्हणाला, "झाले असतील चार-पाच दिवस," की बाई पेन खाली ठेवायच्या. "चार की पाच? अहो, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिलीत शिकवतात."

लोक वैतागायचे. वैतागू देत! माणसाला तारीख आठवत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी काय झालं, ते मात्र बरोबर आठवतं. म्हणून बाईंनी एक वही ठेवली होती. रोज संध्याकाळी टेबल आवरताना त्या तिच्यात एक-दोन ओळी लिहायच्या. 'पाणी दीड तास उशिरा.' 'पुलावर ट्रक उलटला, रस्ताभर टोमॅटो.' 'फायनल मॅच, हरलो.' मग कोणी म्हणालं, "मॅच हरलो ना, त्याच दिवशी मला थंडी वाजायला लागली," की बाई वही उघडून ओळीवर बोट ठेवायच्या. "नऊ तारीख, शनिवार. हां, पुढे?"

या वहीची सगळ्यात जास्त थट्टा केली ती त्यांच्या नणंदेनं. ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जीभ धारदार आणि फुप्फुसं नाजूक. टेकडीवरच्या वरच्या वसाहतीत, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी एकट्या राहायच्या. "या तारीखबाई!" दारातच स्वागत व्हायचं. "अगं, काल कुठे नळ गळला ते लिहिलंस की नाही? उद्या देशाचं कसं व्हायचं?" बाईंचे यजमान, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, कोपऱ्यात बसून हसायचे. बाई तोंडावर काही बोलायच्या नाहीत. घरी जाताना मात्र बसमध्ये यजमानांची खरडपट्टी निघायची. बहीण कोणाची होती?

त्या वर्षी हिवाळ्यात फ्लूची साथ आली. नेहमीची सर्दी नव्हे. जगभर फिरून आलेला नवाच फ्लू होता, आणि तो माणसाला दोन दिवसांत आडवं करत होता. बाईंनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि ज्या घरी ताप आला त्या घरावर टाचणी. पहिल्या आठवड्याच्या लाल, दुसऱ्याच्या पिवळ्या, तिसऱ्याच्या निळ्या. लाल टाचण्या स्टेशनजवळच्या शिवण कारखान्याभोवती होत्या. पिवळ्या दोन शाळांभोवती. निळ्या बसच्या रस्त्याने वर सरकू लागल्या. "अहो, हा ताप तिकीट काढून फिरतोय," बाई यजमानांना म्हणाल्या. "पहिल्या थांब्याला चढला, आता एकेका थांब्यावर उतरतोय."

आणि नेमके तेव्हाच नवे साहेब आले. माणूस चांगला होता, उगाच नावं ठेवायला नकोत. वयाने तरुण, डोक्याने तल्लख, संगणकावर भारी विश्वास. त्यांनी नवी पद्धत आणली. फॉर्म टायपिंगच्या खोलीत जायचा, तिथे तीन मुली तो संगणकात भरायच्या, आणि साथीचा आलेख पडद्यावर आपोआप दिसायचा. "बाई, आता भिंतीवरचा नकाशा नको. तुम्ही आवक-जावक बघा."

आवक-जावक! म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचा. निवृत्तीला चार महिने उरले असताना बाईंच्या हाती शिक्का आला. बाईंना फार लागलं ते. पण नकाशा त्यांनी गुंडाळून टाकला नाही. आपल्या टेबलामागच्या भिंतीवर, कपाटाच्या आड लावला, आणि शिक्का मारता मारता टाचण्या चालूच ठेवल्या.

बुधवारी, तेरा तारखेला, साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा खुललेला. पडद्यावरचा आलेख डोंगर चढून आता झरझर खाली उतरत होता. "साथ ओसरली," साहेब म्हणाले. "क्रीडा संकुलात तापाच्या रोग्यांसाठी उघडलेला हॉल शुक्रवारी बंद करू. ऐंशी पलंग, ऑक्सिजन आणि नर्सेस शेजारच्या शहराला पाठवायच्या. तसं मी वर कळवलंय."

टाळ्या वाजल्या. बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र नकाशा आला. मोठं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथे आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी होता तो हा हॉल. निळी टाचणी वसाहतीच्या दोन थांबे अलीकडे पोचली होती. हॉल बंद झाला आणि ताप वर चढला, तर नाजूक फुप्फुसांच्या माणसाने श्वास घ्यायला जायचं कुठे? ताईंनी जायचं कुठे?

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, शिक्का मी मारते. काल सत्तर फॉर्मांवर मारला. तुमच्या पडद्यावर कालचे तेवीस दिसतायत. बाकीची सत्तेचाळीस माणसं काय जिन्यातच बरी झाली?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. ते सरळ टायपिंगच्या खोलीत गेले, आणि त्यांच्या मागोमाग बाई. खोलीत तीन खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या! दोन मुली आठवडाभर तापाने घरी पडलेल्या. तिसरी बिचारी नाक पुसत एकटीच खिंड लढवत होती. टेबलाखाली तीन खोकी, गच्च भरलेली. आणि आणखी एक घोळ निघाला. फॉर्मवर ताप आल्याची तारीख लिहिलेली नसली की संगणक तिथे आपणहून आजची तारीख टाकायचा. म्हणजे आलेख तापाचा नव्हताच मुळी. तो टायपिंगचा होता. तीन जणी बसल्या तेव्हा वर गेला, एकच उरली तेव्हा खाली आला. ताप उतरला नव्हता. टाइप करणाऱ्या आडव्या झाल्या होत्या.

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग हुशार माणूस विचारतो तो प्रश्न त्यांनी विचारला. "पण बाई, खोक्यांतले हे ताप जुने असले तर? साथ खरंच ओसरली असेल आणि हे फक्त मागे राहिलेले कागद असतील तर?"

"म्हणूनच म्हणते साहेब, ताप कधी आला ते बघायला हवं. फॉर्म कधी आला ते नव्हे."

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दाखवा. तेवढं मी थोपवतो. पुढे माझ्या हातात नाही."

झालं. बाईंनी कंबर कसली. तीन आठवड्यांचे सगळे फॉर्म बाहेर काढले, टाइप झालेले आणि न झालेले, मिळून नऊशे बारा. बहुतेकांवर तारीख होती. दोनशे सव्वीसांचा रकाना कोरा! बाईंनी आवक-जावकचा शिपाई, औषध भांडाराचे कारकून आणि ती नाक पुसणारी मुलगी यांना फोनवर बसवलं. चौथ्या फोनवर स्वतः बसल्या आणि वही मधोमध उघडी ठेवली.

"ताप कधी आला, तेवढं सांगा."

"आमचा सिलेंडर संपला ना, त्या दिवशी."

"तुमचा सिलेंडर माझ्या वहीत नाही हो. गावाला माहीत असेल असं काही सांगा. लाईट गेली होती? बस बंद होती?"

"हां, बस बंद होती! मी चालत आलो आणि येऊन पडलो तो पडलोच."

"बस बंद, सोमवार, चार तारीख. लवकर बरे व्हा. ठेवते."

एका आजोबांना काहीच आठवेना. बाईंनी पाणी विचारलं, लाईट विचारली, ट्रकसुद्धा विचारला. शेवटी आजोबा म्हणाले, "पोरी, त्या दिवशी रस्त्यावर टोमॅटो फुकट मिळाले बघ." बाईंनी सहा तारीख लिहिली आणि खोलीत हशा पिकला. दोन दिवस हेच चाललं. घसे बसले, चहा गार होऊन तसाच राहिला. दोनशे सव्वीसांपैकी एकशे एक्क्याण्णव तारखा लागल्या. उरलेल्यांनी फोन उचलला नाही. त्यांची बाईंनी वेगळी गड्डी बांधली, अंदाजाने एकही भरली नाही. तारीखबाई आहेत त्या!

शुक्रवारी साडेअकराला बाईंनी साहेबांच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला. पेन्सिलने काढलेला, पट्टीने आखलेला. त्यात डोंगर उतरत नव्हता. शेवटचे दोन-तीन दिवस बाईंनी तुटक रेषेने काढले होते, कारण त्या दिवसांत ताप आलेल्यांचे फॉर्म अजून यायचेच होते. तरीसुद्धा रेषा वर चालली होती. शेजारी नकाशा ठेवला. निळ्या टाचण्या शेवटच्याच्या अलीकडच्या थांब्यावर पोचल्या होत्या.

साहेबांनी तुटक रेषेवर बोट ठेवलं. "बाई, ऐंशी पलंग अडवून ठेवायचे म्हणजे शेजारच्या शहराला नाही म्हणायचं. तुम्ही चुकलात तर?"

तेहतीस वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी पेन घेतलं आणि आलेखाच्या खाली, कोपऱ्यात, आपलं नाव लिहिलं. टोपणनाव नव्हे, हजेरीच्या रजिस्टरमधलं पूर्ण नाव. "चुकले तर हे नाव घ्या," त्या म्हणाल्या. "कागद माझा आहे."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, पेन मागितलं आणि त्या नावाखाली स्वतःची सही ठोकली. मग फोन उचलला. हॉल उघडा राहिला.

बाई त्या संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा ताठ चालत होत्या. बसमध्ये शेजारच्या बाईला विनाकारण सांगून टाकलं, "मी आरोग्य कार्यालयात आहे. नोंदणीला." का नाही सांगायचं?

पुढच्या मंगळवारी ताप वरच्या वसाहतीत उतरला, अगदी शेवटच्या थांब्यावर. गुरुवारी सकाळी हॉलमध्ये ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर पलंग भरले होते. दहाच्या सुमारास बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. यजमान होते. "अगं, ताईला हॉलमध्ये आणलंय. श्वास लागला होता फार. ऑक्सिजन लावलाय. पलंग मिळाला गं, पलंग मिळाला!"

बाईंनी फोन ठेवला. ताई बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी हॉलच्या पायऱ्या उतरल्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण त्या सकाळी बाईंना ते कुठे माहीत होतं? त्या समोरचे फॉर्म नुसते इकडचे तिकडे करत राहिल्या.

दुपारी हॉलमधून गठ्ठा आला. बाई एकेका फॉर्मवर शिक्का मारत गेल्या, आणि सातव्या फॉर्मवर हात थांबला. बाकीचा फॉर्म नर्सच्या अक्षरात होता. एक रकाना मात्र रोग्याने स्वतः भरला होता, मुख्याध्यापिकेच्या टपोऱ्या अक्षरात.

'ताप आल्याची तारीख: मंगळवार, एकोणीस. सकाळी पावणेदहा. वरच्या टाकीत पाणी चढलं नाही तो दिवस. वहीत बघून घे.'

बाईंनी वही उघडली. बोट खाली सरकवलं. 'मंगळवार, १९. वरच्या टाकीला पाणी नाही.'

तारीख जुळली. बाईंनी डोळे पुसले, फॉर्म सरळ केला आणि शिक्का मारला.