अंगणावरचे पत्रे

हिंगोलीच्या उन्हात पापड वाळतात, हळद वाळते, जास्त वेळ उभा राहिला तर माणूसही वाळतो. त्याच हिंगोलीत डॉक्टरीणबाई माझ्या बायकोचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. ऊन मिळत नाही यांना."

मला संतापच आला. "मॅडम, उन्हाची कमी? अन् आमच्याकडं?"

"गावात असेल हो. यांच्या अंगावर कुठंय?"

त्यांच्यावर किती तापणार? बायको वर्षभर सांगत होती. हाडं ठणकायची, मांड्यांत जोर नव्हता, जमिनीवरून उठताना भिंत धरायची. मी काय सांगायचो? "वय झालं आता. जरा चालत जा." असला वैद्य घरात बसलेला, रोग कशाला जाईल!

त्यांनी लिहून दिलेली पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. उन्हाचं खातं मी घेतलं. सूर्य उगवला की तिला सरकत्या काचेच्या खिडकीशी खुर्ची टाकून द्यायचो. वर शाल. सर्दी नको. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे छाती फुगवून सांगितलं, तर त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"काका, काचेतून ऊब येते. पण हवे ते किरण काचेतच अडतात. आणि इतक्या सकाळी ते फारसे नसतातच. अकरानंतर बसवा, थोडाच वेळ, पण हातपाय उघडे ठेवून. घरात उघडी जागा नाही का?"

होती की. मागं अंगण होतं. भांडी, धुणं, शेंगा फोडणं, बायकोचं सगळं तिथंच चालायचं. माकडं येतात म्हणून मीच त्यावर पत्रे ठोकून घेतले आणि गल्लीतल्या माणसांना बोलावून बोलावून दाखवले. आता पुढच्या ओट्यावर बसावं, तर येणारा-जाणारा विचारणार, "काहून बसल्या वहिनी? बरं न्हाई का?" की हिचा पदर आणखी खाली. पदराखाली कुठलं ऊन?

घरी येताना ती एवढंच बोलली, "माकडं माझे दोन पापड खात व्हते. तुमी सगळं ऊन खाल्लं."

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन चढलो. बोल्ट गंजलेले, माझं डोकं त्याहून. शेजारी गच्चीवरून म्हणाला, "भाऊ, चांगले पत्रे काहून काढून राहिले?"

"तुमच्या बापानं दिलते का?"

"त्यांच्यावर काय वरडता?" बायको खालून कडाडली. "बोल्ट खोला!"

मधले पत्रे निघाले. ती खाली चटईवर बसली, बाह्या वर सारल्या, साडी पोटरीपर्यंत घेतली. मी शेजाऱ्याच्या गच्चीकडं डोळे वटारून उभा. कोणी डोकावून तर बघावं!

थोड्या वेळानं तिनं दोन्ही तळवे जमिनीला टेकले, जोर लावला. उठता येईना.

"भांडून झालं असंल," ती म्हणाली, "तर हात द्या."

दिला. तिनं तो मनगटाशी असा आवळला की दुखलं. मी पाय रोवले अन् तिला वर घेतलं.