काविळीतला राखाडी डबा

रंगाच्या दुकानात मागच्या टेबलाशी उभं राहून मावशीनं जन्म काढला. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणावा, तिनं तो उजेडात धरावा आणि हुबेहूब तसाच रंग घोटून द्यावा.

त्या दिवशी सुतारानं कपाटाचं जुनं दार नमुन्याला आणून ठेवलं. राखाडी. उजव्या बरगडीखालून कळ पाठीत जात होती, तरी मावशीनं रंग घोटला, झाकण ठोकून बसवलं. मालकानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि डबा सुताराला न देता फळीवर ठेवून दिला.

"मावशी, डोळे लिंबासारखे झालेत. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. टेबल सोडा, गल्ल्यापाशी बसा."

"जग आहे तसंच आहे, मालक. तुम्हीच तेवढे पिवळे पडलाय."

लेकीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे होते. त्यातला एक घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता. पित्त तुंबून रक्तात उतरत होतं.

"तोंडातून दुर्बीण खाली सोडू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळीचं तोंड किंचित कापून खडा बारीक जाळीत धरायचा आणि आतड्यात ओढून सोडायचा. पोटावर चीर नाही. पित्ताशय मात्र पुढे काढावं लागेल."

"आणि मग आईनं घरी बसायचं," लेक म्हणाली.

"खडा काढतायत गं, हात नाही." मावशी डॉक्टरबाईंकडे वळली. "काविळीत खरंच पिवळं दिसतं का हो?"

"छे. बोलायची रीत आहे ती."

खडा निघाला. डोळे निवळायला दिवस लागले. पित्ताशयाची तारीख अजून लांब होती, तेवढ्यात मावशी दुकानात हजर.

"आता तो राखाडी नव्यानं घोटा," मालक म्हणाला.

"आधी जुना उघडा."

तिनं डबा ढवळला, दारावर एक पट्टा ओढला आणि वाळेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिली. वाळला तसा पट्टा वेगळा उठून दिसला.

"बघा," मालक म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

मावशीनं दार उजेडात नेलं. बराच वेळ पाहिलं.

"काळा जास्त पडलाय. पिवळ्यात थेंबाचाही फरक नाही. माझाच हात जड पडला. चूक माझी आहे, मालक, ती काविळीच्या नावावर खपवू नका."

"चूक ती चूकच ना, मावशी?"

"आजवर काय कमी केल्या? तेव्हा कधी टेबल सोडा म्हणाला नाहीत."

तिनं पांढऱ्याचा डबा ओढला. मालक अजून टेबलापाशीच उभा होता.

"उजेड अडवू नका," ती म्हणाली.

मालक सरकला.