हिरवं बाइंडिंग

"हे माझ्या हातचं न्हाई."

उसवलेलं पुस्तक समोर ठेवलं की बाइंडिंगवाले चाचा चष्मा कपाळावर सरकवत, पुस्तक उलटसुलट करून बघत आणि हे वाक्य बोलत. आता बीडमधल्या आमच्या वाचनालयाचं बाइंडिंग गेली तीसेक वर्षं दुसऱ्या कुणी केलेलंच नव्हतं. तरी चाचा निर्धास्तपणे ते पुस्तक काखेत मारून नेत आणि आठवड्याने नवंकोरं करून आणत.

मी त्या वाचनालयात कारकून होतो. चाचांसारखा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल, ज्याची चूक सापडली तरी बोलणी आपल्यालाच बसतात. चाचांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू शाळेतलं. मराठी फर्डं बोलायचे, पण वाचता येत नसे. फक्त आकडे कळायचे. त्याची त्यांना खंत नव्हती. म्हणायचे, "वाचायला तुमी हायत की. तुमी वाचून वाचून फाडता, मी शिवतो."

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा वाचनालयासमोर झेरॉक्सचं दुकान निघालं. तिथे प्लास्टिकची तार ओवून दोन मिनिटांत बाड बांधून मिळे. कॉलेजची मुलं तिकडे वळली. चाचांचे हातही थरथरायला लागले होते आणि काम दिलं की ते सबबी सांगत. आज नेकनूरला लग्न, उद्या खळ आंबली.

त्यातच विद्यापीठाचं पत्र आलं. जुनी वर्तमानपत्रं कॅमेऱ्याने टिपून संगणकावर चढवायची होती, म्हणजे कुठल्याही गावच्या अभ्यासकाला ती बसल्या जागी बघता येणार होती. आमच्याकडे गावातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फाइली होत्या. अट एकच होती, वर्ष पूर्ण असेल तरच घेणार. नेमके एका वर्षाचे अकरा अंक आमच्याकडे नव्हते. नोंदवहीत शेरा होता, 'उंदरांनी खाल्ले.'

विद्यापीठाच्या मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी नकाशांचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हातून पडलं आणि त्याचा पुठ्ठा फुटला. आतून कागदाचे थर निघाले, वरच्या थरावर आमच्या साप्ताहिकाचं नाव. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचांना बोलावणं पाठवलं.

चाचांनी चष्मा वर सरकवला, पुस्तक उलटसुलट केलं. पुढचं वाक्य मी मनातल्या मनात म्हणूनही टाकलं. पण त्यांनी फुटलेल्या पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माझ्याच हातचं हाय," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. "त्या साली पुठ्ठा मिळंना. तवाचे ग्रंथपाल म्हणले, जादा अंकांचा गठ्ठा पडलाय, ते कागद एकावर एक डकवून पुठ्ठा करा. तितं गठ्ठे होते दोन. मी हात लावून बघितलं. एकाचा कागद लई चांगला होता, त्योच उचलला."

चांगल्या कागदाची एवढी पारख गावात दुसऱ्या कुणाला नव्हती. उचललेला गठ्ठा जादा अंकांचा नव्हता, फाइलीचा होता. त्या पारखीपायी आमचं वर्ष गेलं होतं आणि उंदरांवर नाहक आळ आला होता. खळीत मोरचूद असल्याने कागदाला कसर मात्र लागली नव्हती.

"पण कोणत्या कोणत्या पुस्तकांत?" मॅडमनी विचारलं.

"त्या साली हिरवं कापड आलतं. हिरवी हुडका."

हिरवी पुस्तकं चाचांनी स्वतःच उकलली. पुठ्ठे घमेल्यात कोमट पाण्यात भिजवायचे, थर सोडवायचे आणि वाचनालयात बांधलेल्या दोरीवर वाळत घालायचे. रोजचे वाचक ताजा पेपर सोडून दोरीखाली उभे राहू लागले. आठवडी बाजाराची जागा बदलणार, ही बातमी वाचून एक आजोबा शेजाऱ्यावर तापले, "आपल्याला न इचारता कावून बदलतेत बे?" बाजार हलून पंचवीस वर्षं झाली होती.

दहा अंक जुळले. अकरावा निघेना. चाचा म्हणाले, "हिरवी संपली."

संपली नव्हती. ग्रंथपालांच्या खोलीत काचेच्या कपाटात मोठा शब्दकोश होता. हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, पाठीवर सोनेरी अक्षरं. वाचता येत नसताना चाचांनी ती एकेक बघून उमटवली होती. पाहुणा आला की आम्ही आधी तो कोश दाखवायचो. ग्रंथपालांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मॅडमना कुणी सांगितलं नाही.

मी चाचांना बाहेर गाठलं. "चाचा, कोश राहिला की."

"राहू द्या, सायेब. बाकी समदं माझ्या हातानं फाडलं. आता नवं काय व्हत न्हाई माझ्याच्यानं. एवढं एक असू द्या."

मला फार वाईट वाटलं. वर्ष गेलं तर गेलं, असं ठरवून मी गप्प बसलो.

शेवटच्या दिवशी मॅडम सामान आवरत होत्या. चाचा कोश छातीशी धरून आत आले. "एक हिरवं राहिलतं," म्हणाले. मी बघतच राहिलो, तशी माझ्याकडे वळून म्हणाले, "दोरीखाली माणसं उभं राहून वाचतेत, सायेब. अन् मी ते इतकी वर्सं दाबून ठिवलं." कुणाला हात न लावू देता त्यांनी कोशाचा पुठ्ठा चिरला.

वाळलेला अंक त्यांनी माझ्यापुढे धरला. "काय लिवलंय?"

"कुणाचा तरी बैल हरवलाय."

"घावला का?"

"पुढच्या अंकात बघावं लागेल."

"त्यो अंक हाय ना जागेवर? मग बरं."

फोटो घेताना चाचांनी पानाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

"चाचा, अंगठा काढा," मॅडम म्हणाल्या.

"पान उडतंय, मॅडम."

फोटोसाठी पंखा बंद होता, खिडक्याही लावलेल्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. फोटो निघाला.

दोन वर्षांनी चाचा गेले. पुढे साप्ताहिक संगणकावर आलं, तेव्हा मी पहिल्यांदा तेच पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात तो अंगठा आहे. नख चिरलेलं, कडेला खळ वाळलेली. बैल कोणत्या गावचा, ते त्याच्याखाली गेलं आहे.

मध्यंतरी एका अभ्यासकांचं पत्र आलं. पानावर कुणाचा तरी अंगठा आल्याने मजकूर झाकला आहे, तरी मूळ अंकाचा स्वच्छ फोटो पाठवावा, म्हणजे हे पान बदलता येईल.

'मूळ अंक उपलब्ध नाही,' असं मी उलट टपाली कळवलं, सही केली आणि शिक्का मारला. अंक माझ्या टेबलाच्या खणात होता.